तालुक्याच्या व्याख्यानमालेत ताजं संशोधन कसं मांडावं?

पुण्यात पल्सारवर, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांवर, पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: गावाकडच्या सार्वजनिक वाचनालयाने व्याख्यानमालेत एक संध्याकाळ दिली आहे. विषय ‘अवकाशातलं ताजं संशोधन’, वेळ एक तास, समोर आठवीतल्या मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत सगळे. सोपं करायला गेलं की खोटं होतं आणि खरं सांगायला गेलं की लोक घड्याळाकडे बघतात. शिवाय रोजचं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे मराठी शब्द ऐन वेळी सापडत नाहीत. काय करावं?

तुम्ही हो म्हणालात हे फार चांगलं केलंत. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असताना अशी व्याख्यानं द्यायला लागलो, त्याला आता २७ वर्षं झाली. वाचनालयं, शाळा, गणेश मंडळं, पेन्शनर संघ, नाना तऱ्हेचे श्रोते भेटले. या सगळ्यांकडून एक गोष्ट शिकलो. लोक शास्त्रज्ञाच्या तोंडून निष्कर्ष ऐकून घेतात, पण खुर्चीत पुढे सरकून बसतात ते ‘हे तुम्हाला कळलं कसं?’ याचं उत्तर सुरू झालं की. ताज्या संशोधनात तर सांगण्यासारखं मुख्य तेच असतं, कारण निष्कर्ष अजून पुरता हाताला लागलेला नसतो.

आधी विषयाचं बघा. ‘अवकाशातलं ताजं संशोधन’ हे नाव आयोजकांनी सोयीसाठी दिलेलं असतं. त्यात चांद्रयान, वेब दुर्बीण, कृष्णविवरं, परग्रहावरची माणसं, सगळं येतं आणि तासाभरात कशाचंच काही होत नाही. आजच फोन करून नाव बदलून घ्या. तुम्ही पल्सारवर काम करता आणि पुण्यात आहात, म्हणजे जून २०२३ मध्ये जाहीर झालेला निकाल तुमच्या अगदी घरचा आहे. अनेक वर्षं पल्सारांचे ठोके मोजून त्यात अतिशय संथ गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशाच्याच हेलकाव्यांच्या, खुणा दिसल्याचं जगातल्या निरनिराळ्या गटांनी एकाच वेळी सांगितलं. त्यातला युरोपीय गटाचा निकाल भारतीय गटाबरोबर मिळून आला होता आणि भारतीय गटाच्या नोंदी खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरच्या होत्या. ‘ताऱ्यांची घड्याळं आणि खोडदच्या अँटेना’ असं काहीतरी नाव द्या. एक प्रश्न धरा: दूरच्या ताऱ्यांचे ठोके मोजून अवकाश हललं हे कसं कळतं? बाकी सगळं या प्रश्नाच्या पोटात येऊ द्या.

मांडणीसाठी मला नारदीय कीर्तनाचा फार उपयोग झाला. बुवा पूर्वरंगात एकच अभंग घेतात, त्याचा अर्थ उलगडतात. उत्तररंगात आख्यान लावतात आणि शेवटी परत त्याच अभंगाशी येतात. ऐकणाऱ्याला सगळा वेळ माहीत असतं की आपण कुठल्या ओळीशी बांधलेले आहोत. तुमचा प्रश्न हा तुमचा अभंग. संशोधक मंडळींकडून बहुतेक वेळा असं होतं की विश्वाच्या जन्मापासून पूर्वरंग सुरू होतो, पन्नास मिनिटं तोच चालतो आणि स्वतःच्या कामाची पाळी येते तेव्हा आभाराचं भाषण करणारे गृहस्थ उठून उभे असतात. तुमचं काम पहिल्या दहा मिनिटांत दिसलं पाहिजे.

म्हणून सुरुवात खोडदहून करा. नारायणगावजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. चौदा साधारण एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांवर, जवळजवळ २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. पुणे-नाशिक रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाने त्यातली एखादी तरी लांबून पाहिलेली असते. तिचा फोटो दाखवा आणि विचारा, ‘या थाळीच्या आरपार आकाश दिसतं. तरी ती काम कशी करते?’ थाळी बारीक तारांच्या जाळीची आहे. तिथे पकडल्या जाणाऱ्या रेडिओ लहरींची लांबी वीसेक सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत असते आणि जाळीची भोकं त्या मानाने बारीक, त्यामुळे लहरीला ती जाळी सपाट पत्र्यासारखीच लागते. वारा मात्र आरपार जातो, वजन कमी होतं, खर्च कमी होतो. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रचना केली. एवढं सांगितलंत की शेतकरी, गवंडी, वेल्डिंगवाला, प्रत्येक जण तुमच्याबरोबर येतो, कारण वारा आणि वजन त्यांना तुमच्याइतकंच कळतं.

मग आवाज. पल्सारच्या ठोक्यांचे आवाज करून ठेवलेले असतात, ते क्रमाने वाजवा. पहिला ०३२९+५४ नावाचा, पाऊण सेकंदाला जरासा कमी वेळ घेणारा. भिंतीवरच्या घड्याळासारखा टक् टक् येतो. मग ‘वेला’, सेकंदाला ११. मग ‘क्रॅब’, सेकंदाला ३०, इथे ठोके मोजणं सुटतं. आणि शेवटी ०४३७-४७१५, सेकंदाला १७३. त्याचे ठोके ऐकूच येत नाहीत, सूर ऐकू येतो. सभागृह इथे हमखास गप्प होतं. त्या शांततेत सांगा की हा सूर म्हणजे सूर्यापेक्षा जड, पण पुणे शहराच्या विस्तारात मावेल एवढा गोळा स्वतःभोवती फिरतो आहे, आणि तो इतका नेमाने फिरतो की पुढच्या ठोक्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष ठोका यांत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढाही फरक पडत नाही. मग म्हणा, ‘आता समजा फरक पडला. तर?’

इथून खरं व्याख्यान सुरू होतं. मी तलावाचं उदाहरण देतो. तलावात थर्माकोलचे तुकडे सोडलेत, पाणी दिसत नाही, फक्त तुकडे दिसतात. एकच तुकडा हलला तर माशाने धडक दिली असेल. पण सगळे तुकडे एका ठरावीक तऱ्हेने हलले तर लाट गेली. पल्सार म्हणजे ते तुकडे. एका पल्सारचा ठोका उशिरा आला तर दोष त्या ताऱ्याचा, आपल्या घड्याळाचा किंवा वाटेतल्या वायूचा असू शकतो. गुरुत्वीय लहरींची खूण म्हणजे जोड्यांमधलं नातं: आकाशात जवळजवळच्या दिशांना असलेले दोन पल्सार एकत्र पुढेमागे होतात, साधारण काटकोनात असलेले एकमेकांच्या उलट वागतात. हे नातं हेलिंग्स आणि डाउन्स यांनी १९८३ मध्येच गणिताने काढून ठेवलं होतं. मी दोन मुलांना व्यासपीठावर बोलावतो, हात आकाशाकडे करायला लावतो आणि हातांमधला कोन बदलत नेतो. मुलं लाजतात, सभागृह हसतं आणि कोनाची गोष्ट डोक्यात बसते. त्याच जागी हेही सांगून टाका की हे उदाहरण कुठे तुटतं: तलावातली लाट एका काठाकडून येते, आणि इथे आकाशाच्या सगळ्या बाजूंनी आलेल्या असंख्य लहरी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. उदाहरण तुटतं ती जागा दाखवली की लोकांचा विश्वास वाढतो. नाहीतर घरी जाऊन विचार करणाऱ्याला ती जागा सापडतेच आणि त्याला वाटतं आपल्याला फसवलं.

खोडदने यात नेमकं काय केलं हेही सांगा. नुसतं ‘भारताचाही वाटा आहे’ म्हणून टाळ्या घेऊ नका. ताऱ्यांमधल्या विरळ वायूतून येताना कमी कंप्रतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) लहरी जास्त रेंगाळतात, आणि हा उशीर गुरुत्वीय लहरींमुळे झालेल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. तो अचूक वजा करायचा तर कमी कंप्रतेवर चांगली मोजणी हवी. जीएमआरटीने ३०० ते ५०० मेगाहर्ट्झवर आणि त्याच वेळी वरच्या पट्ट्यातही ती केली. म्हणजे आपल्या नोंदींनी वाटेतली धूळ झटकायला मदत केली. हे ऐकून अभिमान वाटतोच, आणि तो कशाचा आहे तेही कळतं.

आता अनिश्चिततेबद्दल. तुम्हाला भीती वाटते आहे की ‘अजून नक्की नाही’ म्हटलं तर लोक निराश होतील. माझा अनुभव पूर्ण उलटा आहे. २०२३ च्या त्या निकालात सगळ्या गटांनी ‘पुरावा’ म्हटलं, ‘शोध’ म्हटलं नाही. युरोपीय-भारतीय गटाच्या निकालात, निव्वळ योगायोगाने असा नमुना दिसण्याची शक्यता साधारण हजारात एक होती. कणभौतिकीत शोध जाहीर करायला हीच शक्यता जवळजवळ ३५ लाखांत एक एवढी कमी लागते. हे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि विचारा, ‘तुम्ही असतात तर जाहीर केलं असतं का?’ मी हे विचारलं तेव्हा एका निवृत्त मामलेदारांनी आणि एका बारावीच्या मुलीने दहा मिनिटं वाद घातला. मी मधे पडलो नाही. माझ्या सगळ्या व्याख्यानांतली ती दहा मिनिटं मला आजही सर्वांत मोलाची वाटतात.

लोणारचीही आठवण सांगतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी लोणारच्या विवराचं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं सांगितलं. मागून एक गृहस्थ उठले. त्यांच्याकडे जुनी वही होती. ‘सर, मागे तुम्हीच इथे ५० हजार सांगितलं होतं.’ बरोबर होतं त्यांचं. मी तयार केलेला पुढचा भाग सोडून दिला आणि दोन्ही आकडे आले कुठून ते सांगत बसलो. आघातात वितळून झालेल्या काचेत नैसर्गिक किरणोत्सारामुळे हळूहळू ऊर्जा साठत जाते, ती तापवून मोजली तेव्हा सुमारे ५२ हजार आलं होतं. पुढे २०१० च्या सुमारास वितळलेल्या खडकातला आर्गॉन मोजला गेला. खडक वितळला की जुना आर्गॉन निघून जातो, घड्याळ शून्यावर येतं आणि पोटॅशियमपासून नवा साठू लागतो. त्यातून आलं ५ लाख ७० हजार, ४७ हजार मागेपुढे. मला दुसरा आकडा अधिक पटतो, कारण काचेतली साठवण दीर्घ काळात गळू शकते किंवा भरून थांबू शकते आणि मग वय कमी भासतं. गृहस्थ म्हणाले, ‘मग वहीत दोन्ही ठेवतो, पद्धतीसकट.’ शास्त्राचं म्हणणं का बदलतं हे त्या दिवशी त्या शाळेला समजावून सांगावं लागलं नाही.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली आहे, ती तुम्ही टाळा. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या ‘बायसेप-२’ या दुर्बिणीच्या गटाने विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींचा ठसा सापडल्याचं पत्रकार परिषदेत जाहीर केलं. मी भारावून गेलो आणि महिन्याभरात चार ठिकाणी त्यावर बोललो, अगदी ठामपणे. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला प्लांक उपग्रहाच्या नोंदी जोडून पाहिल्यावर दिसलं की त्या खुणेचं स्पष्टीकरण आपल्या आकाशगंगेतल्या धुळीने देता येतं. मी चारही ठिकाणी पत्र पाठवून हे कळवलं. तेव्हापासून माझा नियम आहे: निकाल सहा महिन्यांपेक्षा ताजा असेल तर त्यावर शंका घेणारा निदान एक जाणकार काय म्हणतो ते वाचल्याशिवाय बोलायचं नाही. तुमच्या गटाचे स्वतःचे अप्रकाशित आलेख तर अजिबात दाखवू नका. ते एकट्याचे नसतात, आणि सभागृहात प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो. नोंदी घेण्याचं काम कसं चालतं, पहाटे तीन वाजता नियंत्रणकक्षात काय दिसतं, हे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

भाषेबद्दल तुम्ही विचारलंत ते फार महत्त्वाचं आहे. ‘एरर’ला पुस्तकात ‘त्रुटी’ म्हणतात. मी एकदा ‘मापनात दहा टक्के त्रुटी आहे’ म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी गावभर झालं की शास्त्रज्ञांचं मोजमाप चुकलं. आता मी ‘मागेपुढे’ म्हणतो. ‘पाच हजार, दोनशे मागेपुढे’ हे बाजार करणाऱ्या कुणालाही कळतं, आणि अर्थ अगदी नेमका आहे. ‘सिद्धांत’ शब्दात ‘सिद्ध’ दडलेलं आहे आणि शाळेत पायथागोरसचाही सिद्धांतच असतो, म्हणून अजून तपासात असलेल्या कल्पनेला तो शब्द वापरू नका. तिथे ‘तर्क’ किंवा ‘अंदाज’ चालतो. ‘गृहीतक’ही टाळा, भूमितीत ते न तपासता मान्य करायचं असतं. ‘डेटा’ला ‘विदा’ म्हटलंत तर अर्धे लोक निरोप आठवतील. ‘नोंदी’ म्हणा, किंवा सरळ डेटा म्हणा. ‘कृष्णविवर’, ‘दीर्घिका’, ‘गुरुत्वीय लहरी’ हे शब्द आता रुळले आहेत, ते बिनधास्त वापरा. पल्सारला ‘स्पंदक’ हा चांगला शब्द आहे. एकदा सांगा, आणि मग पल्सारच म्हणा. जो शब्द घरी जाताना माणूस शेजाऱ्याशी बोलताना वापरेल तो खरा. आणि तुमची बोली असेल ती असू द्या, भाषणासाठी दुसऱ्या कुणाची उसनी घेऊ नका. सराव एखाद्या नातेवाइकासमोर करा, पण ‘कळलं का?’ विचारू नका, ते हो म्हणतील. दुसऱ्या दिवशी त्यांनाच तुम्हाला सांगायला लावा. जिथे ते अडखळतील ती तुमची दुरुस्तीची जागा.

सभागृहाचं थोडक्यात. संध्याकाळी सहाला बहुतेक सभागृहांत खिडक्यांतून उजेड येतो आणि काळ्या पार्श्वभूमीचे अवकाशाचे फोटो पडद्यावर दिसतच नाहीत, त्यामुळे पांढऱ्यावर काळी चित्रं करून न्या. स्लाइड पीडीएफ करा, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मराठी जोडाक्षरं फुटतात. आवाज ऐकवायचे आहेत, तर स्वतःचा लहान स्पीकर न्या. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार यांत वीस-पंचवीस मिनिटं जातात, तेव्हा पस्तीस मिनिटांचं व्याख्यान तयार ठेवा आणि प्रश्नांचा वेळ कुणालाही देऊ नका. वीज गेली तर खडू आणि फळा असू द्या. माझं सर्वांत चांगलं व्याख्यान भारनियमनात, दोन कंदिलांच्या उजेडात झालं.

प्रश्नांसाठी व्याख्यानाआधीच कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. हात वर करून बोलणारे नेहमीचे चार-पाच असतात. मुली, पहिल्यांदा आलेले, आपलं शिक्षण कमी आहे असं वाटणारे, हे सगळे चिठ्ठीवर विचारतात, आणि प्रश्न तिथेच असतात. प्रा. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, प्रश्न लिहून पोस्टकार्ड पाठव, उत्तराखाली सही मिळेल. या पद्धतीत मुलाला पहिल्यांदा प्रश्न शोधावा लागतो. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतली शाळकरी मुलांसाठीची दुसऱ्या शनिवारची व्याख्यानंही अशाच विचाराने चालत आली आहेत.

‘याचा उपयोग काय?’ हे कुणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवं, पैसा त्यांचा आहे. ओढूनताणून मोबाईलशी किंवा कांद्याच्या भावाशी संबंध जोडू नका. या कामाचा आज रोजच्या वापरात उपयोग नाही, ते विश्व कसं घडलं हे कळावं म्हणून केलं जातं आणि ते करताना घडलेली माणसं व यंत्रं देशात राहतात, एवढं सरळ सांगा. औंढ्याचा प्रश्नही येईल. तिथे, हिंगोली जिल्ह्यात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे, चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटींना मंजुरी दिली. ती सेकंदाच्या अंशात सरसर जाणाऱ्या लहरी टिपणार, आणि तुमचे पल्सार टिपतात त्या एका हेलकाव्याला काही वर्षं घेणाऱ्या. हा फरक दोन वाक्यांत तयार ठेवा. ‘हे आपल्या ग्रंथांत आधीच होतं ना?’ असं एखादे आजोबा विचारतील. त्यांचा मान राखून विचारा, कुठल्या ग्रंथात, आणि त्यात मोजायची रीत दिली आहे का? रीत सापडली तर मलाही दाखवा म्हणा, आणि ते मनापासून म्हणा.

सगळ्या चिठ्ठ्या घरी घेऊन या, उत्तर न दिलेल्यांसकट. दोन वर्षांपूर्वी याच विषयावर बोललो तेव्हा नववीतल्या एका मुलीने लिहिलं होतं: ‘दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्यावर त्यांच्या मधली कृष्णविवरं एकमेकांच्या इतकी जवळ येतात कशी? मधे त्यांना ढकलणारं कोण?’ संशोधकांचाही हाच अडलेला प्रश्न आहे. सुरुवातीला ती जोडी जवळून जाणाऱ्या ताऱ्यांना दूर भिरकावते आणि त्यात ऊर्जा घालवून आत सरकते. पण अंतर साधारण तीन प्रकाशवर्षांवर आलं की भिरकावायला पुरेसे तारे उरत नाहीत, आणि गुरुत्वीय लहरींनी ऊर्जा घालवण्याइतकी ती अजून जवळ आलेली नसतात. गणितानुसार ती तिथेच अडकायला हवीत. तुमच्या पल्सारांत दिसलेली खूण खरोखर अशाच जोड्यांची असेल तर ती अडकत नाहीत, आणि का अडकत नाहीत याचं सर्वांना पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही. मी तिला शाळेच्या पत्त्यावर हे सगळं लिहून पाठवलं. तुमच्या व्याख्यानात शेवटची पाच मिनिटं या प्रश्नाला द्या.